डाव्या पायच्याचे माप

रमजानचा पहिला पंधरवडा उलटला की आमच्या घरचे कापड दर्जीचाचांकडे जाते. चाचांचे दुकान म्हणजे रस्त्याकडेच्या घराची पुढची खोली. एक मशीन, एक इस्त्री आणि जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही. त्या वहीत एकेका घराला एकेक पान. आमच्या पानावर धाकट्याच्या नावापुढे इतरांपेक्षा एक आकडा जास्त असतो. बाकी सगळ्यांच्या पायजम्याची लांबी एक, धाकट्याच्या दोन. उजवी आणि डावी.

हा जास्तीचा आकडा पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. चाचांनी अब्बांना बाजूला घेऊन सांगितले, "भाई, बच्चे का बायाँ पैर पाव इंच कम आ रहा है. मैंने तीन बार नापा." अब्बा हसले. फीता जुना झाला असेल म्हणाले. पुढच्या ईदला फरक अर्ध्या इंचावर गेला. त्याच्या पुढच्या ईदला पाऊण. त्यानंतर हसणे बंद झाले. दहावी-अकरावीपर्यंत दर ईदला साधारण पाव इंच वाढत फरक पावणेदोन इंचांवर आला आणि थांबला, कारण धाकट्याची वाढच थांबली. डॉक्टरांकडचे कागद आमच्या घरात नीट राहिले नाहीत. त्याच्या पायाचा सलग हिशेब कुठे असेल तर तो चाचांच्या वहीत.

आमचे बोरगाव मेघे नावाला गाव, पण वर्धा शहराला असे चिकटलेले की शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले ते सांगता येऊ नये. त्या वर्षी गल्लीत कापसाची ट्रॉली उभी होती. पोरे तिच्यावर चढून उड्या मारत होती. धाकटा दहा वर्षांचा. तो वाकडा पडला आणि डाव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर मोडले. प्लास्टर झाले. दीड-दोन महिन्यांत पोरगा पळायला लागला. अम्मीने मोहल्ल्यात शीरखुर्मा वाटला. ईद नसताना.

नंतर कळले ते असे. मुलांच्या हाडाच्या टोकाजवळ कुर्चेची एक पातळ पट्टी असते, हाड तिथून वाढते. मांडीच्या हाडाची बहुतेक वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते. मार त्या पट्टीला लागला तर मोडलेले हाड छान जुळते, मूल चालते, पळते, पण त्या जागेची वाढ थांबते किंवा अडते. दुसरा पाय मात्र त्याच्या वेगाने वाढत राहतो. म्हणजे दुखणे बरे झाल्यावर व्यंग सुरू होते. प्लास्टर काढताना "सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून दाखवा" असे कुणी सांगितले होते की नाही, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. अम्मी म्हणते, सांगितले होते. अब्बा म्हणतात, नाही. या विषयावर ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आमच्यामार्फत बोलतात.

आम्ही म्हणजे अब्बा, अम्मी आणि आम्ही दोघी बहिणी. मोठी लग्न होऊन पुलगावला गेली आहे, पण सल्लामसलतीत ती पहिली. धाकटा आता सव्वीस वर्षांचा. डी.फार्म. करून शहरातल्या एका औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभा असतो. रात्री घरी आला की कमर धरून बसतो. चपलेच्या तळाला मोच्याकडून जाड थर लावून घेतलेला आहे, रस्त्यावर त्याने बरेच निभते. पण घरात चप्पल नाही आणि मशिदीतही नाही. सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहायचे तर त्याला एक तर डावी टाच उचलावी लागते, नाही तर उजवा गुडघा वाकवावा लागतो. तो सफच्या टोकाला, भिंतीजवळ उभा राहतो. अब्बा त्याच्याच ओळीत असतात. सलाम फेरताना मान त्याच्याकडे वळते तेव्हा त्याचा वाकलेला गुडघा दिसतो, असे ते एकदाच बोलले.

परदेशाची गोष्ट दोन वर्षांपूर्वी निघाली. मामू जेद्दाहला असतात. त्यांच्या ओळखीतला कुणी इस्तंबूलला जाऊन पाय लांब करून आला, असे त्यांनी सांगितले. धाकट्याने मोबाइलवर शोध घेतला आणि एका आठवड्यात तो आम्हा सगळ्यांहून जाणकार झाला. इस्तंबूलमध्ये या कामाचे दवाखाने बरेच आहेत. जगभरातून लोक जातात. विमानतळावर गाडी येते, हॉटेल, ऑपरेशन, फिजिओथेरपी सगळे एका रकमेत. शिवाय मुसलमानांचा मुल्क, जेवणाखाण्याची चिंता नाही, असे अम्मीला पटवण्यासाठी त्याने वर जोडले.

मग आम्ही वही केली. शाळेची दोनशे पानी वही. आमच्यापैकी एकीला फळ्यावर आकडेमोड करायची सवय, म्हणून वही तिच्याकडे. पहिल्या पानावर पासपोर्ट. दुसऱ्यावर व्हिसा. तिसऱ्यावर कोण बरोबर जाणार. चौथ्यावर पैसे. चौथे पान तीनदा फाडून नव्याने लिहिले. आमच्या हिशेबात आकडा तीस लाखांच्या आसपास जात होता. पतसंस्थेचे कर्ज, अम्मीच्या बांगड्या, मोठीच्या नवऱ्याने देऊ केलेले दोन लाख, सगळे मिळून निम्मेही होत नव्हते. तेव्हा एका रात्री अब्बांनी आतून बँकेचे पासबुक आणून वहीवर ठेवले. त्या खात्यात त्यांनी आणि अम्मीने हजसाठी अकरा वर्षे पैसे टाकले होते. अम्मी उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेली होती, तिने ती पुन्हा घासली.

एवढे सगळे ठरत होते आणि ऑपरेशन नेमके काय असते ते आम्हाला नीट ठाऊक नव्हते. आधी पैसे, मग माहिती, हा उलटा क्रम आमच्यासारख्या बऱ्याच घरांत चालतो. ज्या घरात नववीच्या मुलांना प्रयोगाची कृती आधी वाचा म्हणून ओरडले जाते, त्या घरातही.

वाचायला बसलो तर गोष्ट रशियात गेली. उरल पर्वताच्या पलीकडे, सैबेरियाच्या उंबरठ्यावर कुर्गान नावाचे शहर आहे. त्या भागातल्या खेड्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर गाव्रिल इलिझारोव्ह नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. जन्म १९२१ चा, ज्यू घरातला, लहानपण अझरबैजानच्या डोंगराळ मुलखात गेलेले. युद्धात हाडे मोडलेली, न जुळलेली माणसे त्याच्याकडे ढिगाने येत. १९५१ च्या सुमारास त्याने एक चौकट तयार केली. पायाभोवती धातूची कडी, कड्यांतून ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार, आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे गज. नट फिरवला की हाडाची दोन टोके जवळ येतात आणि दाबली जातात. असे सांगतात की एका रोग्याने नट उलटा फिरवला, टोके दूर गेली आणि मधल्या फटीत नवे हाड तयार होताना दिसले. खरेखोटे तो डॉक्टर जाणे. पण पुढे त्याने यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि नियम बसवला. हाड कापायचे, काही दिवस थांबायचे, मग रोज एक मिलिमीटर ताणायचे, तेही एकदम नाही, चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. घाई केली तर फटीत हाड धरत नाही, नसा आणि स्नायू ताणले जातात. उशीर केला तर हाड वेळेआधी जुळून बसते. शरीर वाढायला तयार असते, फक्त त्याच्या वेगाने.

व्हॅलेरी ब्रुमेल हा सोव्हिएत उंचउडीपटू, १९६३ साली २.२८ मीटरचा विश्वविक्रम केलेला. १९६५ च्या मोटारसायकल अपघातात त्याचा पाय चिरडला. पुष्कळ ऑपरेशने वाया गेल्यावर १९६८ साली तो कुर्गानला गेला आणि पुन्हा उडी मारायला लागला. पश्चिमेकडे ही विद्या पोहोचायला मात्र आणखी बारा-तेरा वर्षे लागली. १९८० साली इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी आपला जुना बिघडलेला पाय घेऊन कुर्गानला गेला, बरा होऊन परतला आणि पुढच्या वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी इलिझारोव्हला परिषदेसाठी बोलावले. म्हणजे कधी काळी परदेशी जायचे तर कुर्गानलाच जावे लागे. आणि आमच्या वाचनात पुढच्याच पानावर अकोला आले. डॉ. मिलिंद चौधरी यांनी अकोल्यात याच इलिझारोव्ह पद्धतीचे केंद्र उभे केले, तिथे बाहेरचे डॉक्टर शिकायला येतात. वर्ध्याहून बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. आमच्या नातेवाइकांच्या निम्म्या बारातींचा रस्ता.

आम्ही हे मोठ्या खुशीने धाकट्याला सांगितले. तो खूश झाला नाही. "ते वेगळे आहे," एवढेच म्हणाला.

काय वेगळे, ते कळायला आणखी महिना गेला. इस्तंबूलहून आलेला खर्चाचा कागद वहीत चिकटवायला घेतला तेव्हा त्यावर 'दोन्ही पाय' असे होते. आम्हाला वाटले, चुकून आले. धाकट्याला विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग अम्मीकडे बघून म्हणाला, "अम्मी, काटनाच है तो दोनों काटो. ये बराबर करके बी मैं ठिगनाच रहूँगा."

त्याचा बेत असा होता. डावा पाय उजव्याइतका करायचा, मग दोन्ही आणखी सात-आठ सेंटिमीटर वाढवायचे. कागदावर त्याने स्वतःच्या हाताने उंची लिहून पाठवली होती, १५८ सेंटिमीटर. हवी असलेली उंची १६६.

अब्बा भडकले. त्यांना एवढे भडकलेले आम्ही क्वचित पाहिले होते. एका पायाच्या व्यंगासाठी हजचे पैसे काढून देणे ही एक गोष्ट, आणि चांगला पाय कापून घेण्यासाठी देणे दुसरी. धाकट्यानेही आवाज चढवला, तोही पहिल्यांदा. त्यातून बाहेर आले ते आर्वीच्या स्थळाचे. तीन वर्षांपूर्वी आर्वीहून मुलीकडचे बघायला आले होते. जाताना दारात मुलीची खाला हळू आवाजात म्हणाली होती, "लडका तो अच्छा है, लेकिन..." पुढचे कुणाला ऐकू आले नाही. नकार आला. तीन वर्षे आम्ही सगळे त्या 'लेकिन'च्या पुढे त्याचा पाय भरत आलो, आणि तो उंची भरत आला. विचारले कुणीच नाही. त्या खालाच्या मनात कदाचित त्याचा पगार असेल.

आम्ही मशिदीच्या मौलानासाहेबांना मसला विचारला. ते तरुण आहेत, नीट ऐकून घेतात. त्यांनी हजरत अरफजा (रजि.) यांची हदीस सांगितली. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे बसवून घेतले, त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा हुजूर (स.) यांनी सोन्याचे बसवायला सांगितले, पुरुषाला सोने मना असतानाही. म्हणजे गेलेले परत मिळवणे, व्यंग दूर करणे हा इलाज आहे आणि इलाज करावा. डाव्या पायाबद्दल त्यांना शंकाच नव्हती. उजव्याबद्दल ते म्हणाले, त्या पायाला झाले काय आहे? अल्लाहने घडवलेल्या सुरतीत नुसत्या हौसेखातर फेरबदल करण्याबद्दल सूरह निसामध्ये जो इशारा आहे, तो त्यांनी समजावला.

कागदावर रेघ स्वच्छ पडली. एकाच माणसाचा डावा पाय इलाज, उजवा पाय हौस. पण घरी येऊन धाकट्याने विचारले, "आणि रोज जी शरम वाटते, ती कोणत्या पायात धरायची?" याला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हते. आम्ही शिक्षक माणसे वर्षानुवर्षे परिपाठाला पोरांना उंचीप्रमाणे उभे करतो. ठिगणे पुढे, उंच मागे. पहिल्या नंबरच्या पोराला सगळी शाळा त्याच नंबराने ओळखते. धाकटा पाचवी ते दहावी पहिला नंबर होता, आणि तो अभ्यासात नव्हे.

त्या दिवसांत आम्ही आणखी काही वाचले, आणि खरे सांगायचे तर त्याला घाबरवण्यासाठीच वाचून दाखवले. चीनने २००६ साली निव्वळ उंचीसाठी होणारी ही ऑपरेशने बंद केली. २०१६ साली हैदराबादच्या एका तरुणाने घरी न सांगता दोन्ही पायांचे ऑपरेशन करून घेतले, आईबाप शोधत दवाखान्यात पोहोचले, वर्तमानपत्रांतून गाजले, डॉक्टरवर तेलंगणच्या वैद्यकीय परिषदेने कारवाई केली. बाहेरची चौकट नको म्हणून आता हाडाच्या आत बसणारी, चुंबकाने लांबणारी सळई निघाली आहे. तिचाच एक नवा प्रकार, चालता येईल म्हणून वाखाणलेला, २०२१ साली कंपनीला गंजाच्या तक्रारीमुळे बाजारातून मागे घ्यावा लागला. धाकट्याला हे सगळे आमच्याआधी ठाऊक होते. तो औषधाच्या दुकानात काम करतो. भीती दाखवणाऱ्यांना त्याने शांतपणे दुरुस्त केले, सळईचे नावसुद्धा सांगितले.

त्याला न सुचलेला प्रश्न अम्मीने विचारला. "तिथून परत आल्यावर रात्री दोन वाजता पाय सुजला तर जायचे कुठे?" पाय लांबवणे हे एका दिवसाचे ऑपरेशन नाही. कापणे एक दिवस, पण ताणणे दोन महिने आणि हाड पक्के होणे त्याच्या दुप्पट-तिप्पट. दर पंधरा दिवसांनी, कधी त्याहून लवकर फोटो. तारांच्या तोंडाशी पू होतो, तो रोज साफ करायचा. मांडी ताणताना गुडघा आखडतो, तो रोज रडत-ओरडत वाकवायचा. इस्तंबूलच्या त्या रकमेत काही आठवडेच होते. उरलेले महिने बोरगावातच काढायचे होते, आणि दुसऱ्याने परदेशी कापलेला पाय अंगावर घ्यायला इथला डॉक्टर सहजी तयार होत नाही. वहीच्या तिसऱ्या पानावर 'कोण बरोबर जाणार' लिहिले होते. 'परत आल्यावर कोण' हे पानच नव्हते.

त्यावर धाकटा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला यायला तयार झाला. फक्त मापायला, असे दोनदा म्हणाला.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय म्हणजे आमच्याकडून ऑटोने जाण्याचा रस्ता. इकडे सावंगीला एक मेडिकल कॉलेज, तिकडे सेवाग्रामला एक. दोन मेडिकल कॉलेजांच्या मध्ये राहून आम्ही सोळा वर्षांत त्याचा पाय नीट मोजून घेतला नव्हता. हाडांच्या ओपीडीत सकाळपासून रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा एका तरुण डॉक्टरने धाकट्याला बूट काढून उभे केले आणि कोपऱ्यातून लाकडी फळ्या आणल्या. कोणती अर्धा सेंटिमीटर जाडीची, कोणती एक. ते मागे बसले, दोन्ही हात त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवले आणि डाव्या पायाखाली एकेक फळी सरकवू लागले. एक. दोन. तीन. "उजवा गुडघा सरळ ठेवा," ते म्हणाले. धाकट्याने सरळ केला. चार. मग अर्ध्याची एक. हात कमरेवर एका रेषेत आले. साडेचार.

आम्ही फळ्यांकडे बघत होतो, अम्मी त्याच्या खांद्यांकडे. सोळा वर्षे एक खांदा खाली असलेला पोरगा सरळ उभा होता. तो अब्बांच्या बाजूलाच होता आणि अब्बांपेक्षा बोटभर उंच दिसत होता. अब्बांनी नकळत स्वतःची पाठ ताठ केली. डॉक्टरांनी तशीच भिंतीवरच्या पट्टीवर उंची घेतली आणि कागदावर लिहिली, १६२.

"१५८," धाकटा म्हणाला.

"वाकून उभे राहिलात तर १५८. तुम्ही उजवा गुडघा कायम वाकवूनच उभे राहता, सवय झाली आहे."

तो फळ्यांवरून उतरला नाही. खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचे अंधुक दिसत होते, तिकडे बघत राहिला. मागच्या माणसाने, ज्याच्या हाताला प्लास्टर होते, "झाले का?" म्हणून विचारले तेव्हा तो उतरला. उतरल्याबरोबर खांदा पुन्हा खाली गेला.

अकोल्याला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. पुलगावहून मोठी चढली, डब्यात दशम्या आणि ठेचा. पायाचे लांब फोटो काढून झाले. डॉक्टरांनी धाकट्याशी बोलायला आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवले. आत काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही या वेळी विचारले नाही. आम्हाला आत बोलावल्यावर त्यांनी डाव्या मांडीचे, साडेचार सेंटिमीटरचे सांगितले. आधी आठवडाभर थांबायचे, मग पंचेचाळीस दिवस ताणायचे, मग हाड पक्के होईपर्यंत चौकट, एकूण पाच-सहा महिने धरून चाला. गुडघ्याचा व्यायाम चुकवला तर लांब पण न वाकणारा पाय मिळेल, हे त्यांनी दोनदा सांगितले. नमाजेत जमिनीवर बसायला किती दिवस लागतील ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. खर्चाचा आकडा इस्तंबूलच्या मानाने लहान आहे, पण आमच्यासाठी लहान नाही. हजच्या खात्यातले साधारण निम्मे जातील. निम्म्यात हज होत नाही.

वहीचे नवे पान केले. पंचेचाळीस गुणिले चार, एकशे ऐंशी वेळा नट फिरवायचा. सहा-सहा तासांच्या आसपास. अम्मीने वेळा स्वतः ठरवल्या: फजर, जोहर, मगरिब आणि रात्री उशिरा इशा पढून. असरला सुट्टी. चुकू नये म्हणून एकशे ऐंशी चौकोन आखून ठेवले आहेत, प्रत्येक वेळी एकावर फुली. मौलानासाहेबांना वुजूचे विचारून घेतले. पट्टीवरून ओला हात फिरवला तरी चालते. दुकानाच्या मालकाने सहा महिने जागा राखून ठेवतो असे म्हटले आहे. म्हटले आहे, लिहून दिलेले नाही. धाकट्याचा पासपोर्ट आला. नागपूरला खेटे घालून काढलेला, कोरा करकरीत, कपाटात अब्बांच्या पासपोर्टच्या शेजारी ठेवला आहे. इस्तंबूलचा कागद अजून वहीत चिकटलेलाच आहे. तो फाडू का, असे एकीने विचारले. धाकटा म्हणाला, राहू दे.

ऑपरेशन ईदनंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरले, कारण तेव्हा घरात नट फिरवायला हात जास्त. कड्यांवरून साधा पायजमा चढत नाही. म्हणून या रमजानमध्ये दर्जीचाचांकडे ईदच्या कपड्यांबरोबर आणखी दोन पायजमे टाकले. घेर मोठा आणि मांडीपासून खालपर्यंत बाजूने उघडा, नाडीने बांधायचा. चाचांना समजायला वेळ लागला. त्यांनी कागदावर आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली. मग पेन्सिल कानावरून काढून वहीचे आमचे पान उघडले.

"नाड्या दोन्ही पायांना लावू?" त्यांनी विचारले.

आम्ही धाकट्याकडे बघितले. तो इस्त्रीखालच्या कापडाकडे बघत होता.

"एकाच," तो म्हणाला. "डाव्या."

चाचांनी लिहून घेतले. उजव्याची लांबी जुनीच टाकली. डाव्यापुढे पेन्सिल थांबवून ते म्हणाले, "और इसका नाप?"

"उसका बाद में."

चाचांनी तो चौकोन रिकामा ठेवला आणि पान उलटले. मागे दुसरे गिऱ्हाईक उभे होते.